व्यवसाय : इतर

मार्चअखेरीला विद्यापीठाची सगळी विद्वत्ता
सागरमाळ उतरून राजारामपुरीत येते,
आठव्या गल्लीत, माझ्या दुकानात,
रिक्षातनं, स्कूटीच्या पायाशी, एकदा तर दुधाच्या कॅनशेजारी.
पाच प्रती. काळं रेक्झिन. सोनेरी अक्षरं.
उद्या पाहिजे, बाबालालचाचा. उद्याच.

मी वाचत नाही. पानं मोजतो, गठ्ठा ठोकून सरळ करतो,
दाभणानं भोकं पाडतो, दोरा ओवतो.
वाचतो फक्त ऋणनिर्देश,
कारण तिथंच माणसं स्वतःच्या आवाजात बोलतात:
आईशी, मार्गदर्शकांशी, त्या एका मित्राशी
ज्याचं नाव आदल्या रात्री काढून टाकलेलं असतं
आणि ओळ तेवढी आखूड दिसते.

हणमंत बिरांजे आला होता प्रश्नावली घेऊन.
सूक्ष्म उद्योगांतील नवकल्पना. एक ते पाच गुण.
तीन वर्षांत नवीन काय केलंत?
म्हटलं, खळीत मोरचूद घालतो,
वाळवी फिरकत नाही.
हे तर तुमचे वडीलही करायचे की, तो म्हणाला.
ते जास्त घालायचे. कागद हिरवा पडायचा.
कमी किती घालायचं, हे माझं.
त्यानं बराच वेळ विचार करून तीनवर गोल केला.

पद्मजा मगदूम हुपरीची.
घरात तीन पिढ्या पैंजणं घडवणारी,
ही मात्र त्याच चांदीचा इतका बारीक कण करते
की बाटलीत ती पिवळी दिसते, पातळ काकवीसारखी.
मोरचूद किती घालता, तिनं विचारलं.
चिमूटभर.
चाचा, चिमूट हे माप नव्हे.
मग प्रयोगशाळेत नेऊन माझी चिमूट तिनं तोलली,
सात वेळा. सात आकडे.
सरासरी लिहिली, आणि पुढं अधिक-उणे असं काहीतरी.
ते अधिक-उणे मला आवडलं.
माणसाच्या बोटांना कुणीतरी कागदावर जागा ठेवली होती.

तिचीच चांदी कापडावर बसवून
सीपीआरमध्ये रेडेकर डॉक्टर माझ्या टाचेला लावायच्या.
साखर. रुपयाएवढी जखम, आणि मला पत्ताच नाही.
दर मंगळवारी पारदर्शक कागद ठेवून कडा गिरवायच्या,
मी पुठ्ठ्यावर माप टाकतो तशाच, जीभ दातांत धरून.
सहा मंगळवार. रुपयाची अधेली झाली.
सातव्या मंगळवारी मी गेलो नाही.
बिरांजेच्या पाच प्रती द्यायच्या होत्या,
आणि आणखी अकरा जणांच्या.
आठव्यालाही नाही.
फोन वाजत होता. हात खळीत होते.

आज त्यांचाच प्रबंध टेबलावर आहे.
ऋणनिर्देशात: सर्व रुग्णांची मी ऋणी आहे.
बरं.
चौसष्ट जण एका शब्दात बसलो, जरा सरकून.

मग पहिल्यांदाच आतली पानं उलटली.
तक्ता चार. सतरा. पुरुष. अठ्ठावन्न.
व्यवसाय : इतर.
शेरा : पाठपुरावा सुटला, विश्लेषणातून वगळले.

कानावर पेन्सिल होती.
इतर खोडून एक शब्द घालता आला असता,
किंवा तळाशी बारीक अक्षरात,
की अधेलीची पुढं पावली झाली, तिथंच थांबली.
पण आकडे त्यांचे. आणि खोटं काय लिहिलंय?
नव्हतोच मी.
दाभण धरलं. सतरा नेमका कडेचा,
दोरा त्याच्या अंगाला घासून गेला.

संध्याकाळी फोन लावला. प्रती तयार आहेत.
शिपाई पाठवते, म्हणाल्या.
नको. मीच आणतो. मंगळवारी.
पलीकडं थोडा वेळ काहीच नाही,
नुसता वॉर्डातला पंखा.
मग:
चप्पल कुठली घालताय सध्या?